सतरा नंबरचा चेहरा

ती पडली तेव्हा सिग्नल नुकताच हिरवा झाला होता, आणि तिचा नवरा चालत राहिला. फुटपाथची एक फरशी वर आली होती, तिच्यात चपलेचं टोक अडकलं, आणि पंचेचाळिशी उलटलेली, अंगाने भरलेली बाई जशी पडते तशीच ती पडली. आधी गुडघे, मग तळहात, मग उरलीसुरली अब्रू. चष्मा उडून गटाराच्या जाळीपाशी गेला. पिशवीतली संत्री रस्त्यावर अशी धावली की जणू इतके दिवस सुटकेचीच वाट बघत होती. त्याने मागे वळून पाहिलं. हेच तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की त्याने पाहिलं. पाहिलंच नसतं तर किती सोपं झालं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, सिग्नलच्या हिरव्या माणसाकडे पाहिलं, आणि दोघांपैकी ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकून तो पलीकडे गेला. पाठीवर पार्सलांची भलीमोठी पिशवी लावलेल्या एका अनोळखी बाईने तिला काखेत हात घालून उठवलं, संत्री वेचली, चष्मा आणून दिला. "कुणी नाही का हो बरोबर?" बाईने विचारलं. समोरच्या कडेला तो हाताची घडी घालून उभा होता, बस कधी येतेय बघणाऱ्या माणसासारखा. "नाही," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. पुढचा सिग्नल मिळाल्यावर ती लंगडत पलीकडे पोचली, तेव्हा तो म्हणाला, "एक सिग्नल फुकट गेला." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं सांगितलं त्याने.

रस्त्यावर अशी पडलेली दुसरी कुठलीही बाई देवाचं नाव घेते, नाहीतर आईचं. तिला आठवला प्रश्न क्रमांक नऊ. 'दुसऱ्याला दुखलं-खुपलं तर त्याचा जीव कळवळतो. नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.' तो प्रश्न तिनेच लिहिला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, विस्मृतीच्या रुग्णांसाठी चाचण्या तयार करणाऱ्या त्या इस्पितळातल्या विभागात नवीनच लागली असताना. मोठ्या डॉक्टरांनी आधी लिहिलं होतं, 'रुग्ण इतरांप्रती सहानुभूती दर्शवतो.' ती म्हणाली, "सर, सहानुभूती सरकारी पत्रात दर्शवतात. घरात माणसाचा जीव कळवळतो." डॉक्टर हसले, आणि प्रश्न तसाच राहिला. तेव्हापासून तिने तो किती नातेवाइकांपुढे ठेवला असेल! नवऱ्यांपुढे, बायकांपुढे, एकदा तर शाळेच्या गणवेशात आलेल्या एका मुलीपुढे, कारण त्या घरात वडिलांबद्दल सांगू शकेल असं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. लोक या प्रश्नापाशी येऊन थांबायचे. पेन वर धरून खिडकीबाहेर बघायचे. आणि मग सगळेच्या सगळे खोटं बोलायचे, थोडंसंच, एका पायरीचं. 'कधीच नाही'च्या जागी 'क्वचित'. 'क्वचित'च्या जागी 'कधीकधी'. नव्या मुली कामाला आल्या की ती त्यांना शिकवायची, "नवव्या प्रश्नाचं उत्तर एक पायरी खाली उतरून वाचायचं. ती पायरी प्रेमाची असते, आजाराची नसते."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ज्या आजाराची लक्षणं ती झोपेतही सांगू शकली असती, तो आजार तिच्याच घरात जेवायला बसत होता आणि तिला पत्ता नव्हता. तिच्या विभागात साठी-सत्तरीची माणसं यायची तशी चाळिशी-पन्नाशीचीही यायची, आणि या लवकर येणाऱ्या दुखण्याचा एक प्रकार असा असतो की त्यात माणूस सुरुवातीला काहीच विसरत नाही. तारखा राहतात, फोन नंबर राहतात, कोणत्या दुकानात साबण स्वस्त मिळतो ते राहतं. समोरचा रडतोय हे कळायचं तेवढं राहून जातं. घरचे म्हणतात, माजलाय. म्हणतात, बाहेर कुणीतरी असेल. तिने अशा कितीजणींना खुर्चीवर बसवून समजावलं होतं, "अहो, ते मुद्दाम करत नाहीयेत." आणि घरी येऊन ती स्वतः त्याच्याशी चार-चार दिवस अबोला धरायची, तो मुद्दाम करतो म्हणून. अबोला त्याच्या लक्षातही यायचा नाही. एकतर्फी अबोला म्हणजे भिंतीशी बुद्धिबळ. आपणच खेळायचं, आपणच हरायचं. तिची आई गेली त्या सकाळी आईच्या उशाशी ती बसली होती, आणि तो दारात येऊन म्हणाला, "हा भाड्याचा पलंग आजच परत दिला तर एक दिवसाचं भाडं वाचेल." मावशी म्हणाली, "जावई खंबीर आहे हो, सगळं बघतोय." तिलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे तिने तसं वाटून घेतलं. वाटून घ्यायला बायका लहानपणापासून शिकलेल्या असतात, त्यासाठी वेगळी परीक्षा नसते. आता हिशोब मागे नेत गेलं की तिला कळेनासं होई, नेमकं कधीपासून? तो पलंगाचा दिवस पहिला होता की त्याच्या आधी मुलगी सुट्टीत घरी आली होती तो? मुलगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन हुंदके देत होती, तिच्या त्या मित्राने तिला सोडलं होतं, आणि याने तिच्यावरून हात लांबवून रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला, कारण हुंदक्यांमुळे बातम्या ऐकू येत नव्हत्या. मुलगी परत वसतिगृहात गेली ती गेलीच. फोनवर म्हणायची, "आई, बाबांना मी नकोशी झालेय, तू उगीच त्यांची बाजू घेऊ नकोस."

आणि हा माणूस मुळात कसा होता! चष्म्याच्या दुकानात विक्रेता. मालक म्हणायचा, "याला काउंटरवर उभा केला की मी मागे झोपायला मोकळा." गिऱ्हाईक आरशात बघून मान डोलवायचं, आणि हा हळूच ती फ्रेम त्याच्या नाकावरून काढून घ्यायचा. "नाही आवडली तुम्हाला. बायकोला आवडली म्हणून हो म्हणताय." एकदा एक म्हातारा आला, खिशातून बायकी चष्मा काढला, सोनेरी, कोपऱ्यावर नक्षी असलेला, आणि म्हणाला, यात माझा नंबर बसवून द्या. मागे उभी असलेली कॉलेजची दोन पोरं फिदीफिदी हसली. याने एक प्रश्न विचारला नाही. म्हाताऱ्याच्या कानामागे बोटं घालून माप घेतलं, दांड्या गरम करून थोड्या फाकवल्या, नाकाच्या चकत्या बदलल्या. "आठ दिवसांनी या, परत थोडा सैल करावा लागेल," म्हणाला. म्हातारा पुढे वर्षभर दर आठवड्याला यायचा. चष्मा केव्हाच नीट बसला होता. त्या पहिल्या दिवशी घरी येऊन याने तिला काही सांगितलं नाही. फक्त तिचा चष्मा डोळ्यांवरून काढला, गरज नसताना दांड्या तपासल्या, आणि परत घालताना दोन्ही कानांमागे एकेक बोट जरा जास्त वेळ ठेवलं. म्हाताऱ्याचं हे सगळं तिला मालकाकडून कळलं, कितीतरी नंतर. त्याच मालकाचा दोन महिन्यांपूर्वी फोन आला. "वहिनी, रागावू नका, पण त्याला थोडे दिवस घरीच राहू दे. काल एका बाईंना म्हणाला, फ्रेम बदलून काय होणार, चेहराच तसा आहे. आधी मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसलोसुद्धा. वहिनी, तो हसत नव्हता." त्या रात्री तिने अबोला मोडला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या दारावर टकटक केली. सिग्नलपाशी ती पडली तोवर तपासणीची तारीख ठरलेली होती. पडल्यावर फक्त एवढंच झालं, की तारखेची भीती वाटायची थांबली. चष्म्याची डावी दांडी तेव्हापासून वाकडी होती. आठ दिवस ती तसाच वाकडा चष्मा घालून घरात वावरत होती, त्याच्या डोळ्यांसमोरून, मुद्दाम. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन मिनिटांत सरळ करून मिळाला असता. ती गेली नाही.

"आज तुम्ही इथल्या नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "आज तुम्ही नातेवाईक. चाचणी धाकटी घेईल. तुम्ही बाहेर बसायचं आणि फॉर्म भरायचा, सगळे भरतात तसा." धाकटी म्हणजे तिच्या हाताखाली शिकलेली, सत्तावीस वर्षांची, आवाजाने इतकी बारीक की सगळे तिला चिमणीच म्हणत. चिमणीचे डोळे सकाळपासून लाल होते. "ताई, मी काकांना कसं..." एवढंच म्हणाली. "जसं सगळ्यांना विचारतेस तसं," तिने सांगितलं. "आणि चेहऱ्यांच्या वेळी त्यांच्याकडे बघून मान डोलवू नकोस, तुला खोड आहे ती." मग ती बाहेरच्या बाकावर बसली. एकोणीस वर्षांत त्या बाकावर ती कधी बसली नव्हती. बाक किती अरुंद आहे! इथे बसून लोक दोन-दोन तास काढत होते आणि त्यांना ती आतून म्हणत होती, "जरा धीर धरा." चाचणीची खोली आणि ही बाकं यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे, आणि ती छतापासून हातभर खाली थांबते. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं, नातेवाइकांना त्रास होतो, भिंत वरपर्यंत न्यावी, असं तिने वरिष्ठांना अकरा वेळा लेखी कळवलं होतं. कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिने त्या ढुंकून न बघणाऱ्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

कारण तिला सतरा नंबर ऐकायचा होता. चाचणीत चेहऱ्यांची तीस कार्डं असतात. एकेक फोटो समोर ठेवायचा आणि विचारायचं, या चेहऱ्यावर काय दिसतं? आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य, की काहीच नाही? परदेशी संचातले चेहरे आपल्या माणसांना परके वाटतात, म्हणून त्या काळी विभागातल्याच लोकांनी फोटो काढून घ्यायचे ठरवलं होतं. एका रविवारी तळघरातल्या खोलीत पांढरी चादर लावली, ओळखपत्रांचे फोटो काढणारा फोटोग्राफर बोलावला, आणि शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे रांगेने येऊन रागावले, घाबरले, किळसले. तिच्या वाट्याला आलं दुःख. तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते, चष्मा नव्हता. ती स्टुलावर बसली आणि दुःखाचं काही आठवू लागली, पण नवा संसार, नवी नोकरी. दुःख शोधायला गेलं तर जवळ सुट्टंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात तो आला, तिचा डबा घेऊन. फोटोग्राफरच्या मागे उभा राहिला. दुकानातली नमुन्याची फ्रेम खिशात होती, ती त्याने उलटी नाकावर लावली, टेबलावरचं पेन तोंडात धरलं, आणि मोठे डॉक्टर विचारात पडले की पेनाचं टोपण कसं चघळतात ते हुबेहूब करू लागला. मोठे डॉक्टर शेजारीच उभे. हसणं शक्य नव्हतं. नोकरी नवी होती. तिने खालचा ओठ आतून चावला, हनुवटीला वळ्या पडल्या, भुवया मध्ये वर चढल्या, डोळ्यांत पाणी तरारलं. फ्लॅश उडाला. "वा बाई," फोटोग्राफर म्हणाला, "काय दुःख आलंय! कुणी गेलं का हो जवळचं?"

मग तो फोटो दोनशे बारा निरोगी माणसांना दाखवला, इतर सगळ्या फोटोंसारखा, माप ठरवण्यासाठी. शंभरातल्या चौऱ्याऐंशी लोकांनी सांगितलं, दुःख. झालं, बरोबर उत्तरांच्या किल्लीत ते पक्कं झालं: कार्ड सतरा, दुःख. त्या दोनशे बारांत एकेचाळिसावा माणूस तो होता. माणसं कमी पडत होती म्हणून ती घरूनच धरून घेऊन आली होती. पेशंट किती ढळला हे ज्या मापाने मोजायचं, त्या मापात एक चिमूट तो स्वतःही होता. त्याची उत्तरपत्रिका ती कधीही डोळ्यांसमोर आणू शकायची. तीसपैकी एकोणतीस बरोबर. चाचणीतल्या छोट्या गोष्टींच्या भागात तर समासात भर घातलेली. एक बाई स्वतः विणलेला स्वेटर घालून मैत्रिणीकडे जाते, आणि मैत्रिणीची आई म्हणते, 'हा सेलमधला ना? वाटतोच आहे.' इथे कुणी बोलू नये ते बोललं का? याने लिहिलं होतं, 'हो. बिचारीने ताबडतोब थंडी वाजत नसल्याचं सांगून स्वेटर काढला असेल. आईला चष्मा लागलाय, आमच्या दुकानात पाठवा.' आणि सतराव्या कार्डापुढे, आनंद या शब्दावर खूण करून, बारीक अक्षरात: 'ही बाई हसू दाबतेय. मी समोर होतो.' ते तिसांतलं एक चुकलेलं उत्तर. तिने खरं सांगायला हवं होतं. कार्ड बाद करायला हवं होतं. पण तीस कार्डं महत्प्रयासाने जमली होती, आणि शिवाय... शिवाय काय ते तिने कधी शब्दांत मांडलं नव्हतं. एकोणीस वर्षं शेकडो अनोळखी माणसं तिच्या चेहऱ्याकडे बघून दुःख म्हणत गेली, आणि संध्याकाळी ती घरी गेली की तो दार उघडून विचारायचा, "काय परीक्षक बाई, आज किती जणांना रडवलंत?" लग्नाचा दाखला कुठल्यातरी फाइलीत असेल. त्यांचा खरा कागद म्हणजे ते कार्ड. त्यातली चूक जगात दोघांनाच ठाऊक होती.

आणि म्हणून, जी नातेवाइकांना कायम सांगत आली की एका उत्तरावरून काहीही ठरत नसतं, तीच त्या अरुंद बाकावर बसून एका उत्तरावर सगळं लावून मोकळी झाली होती. बाकीची एकोणतीस जाऊ देत. सतरा त्याने चुकवावा. शून्य मिळू दे. चिमणीने लाल पेनने काट मारू दे. तो 'आनंद' म्हणाला, नुसतं 'हसतेय' म्हणाला, तर तो आत कुठेतरी आहे. मग पुढची वर्षं कशीही येऊ देत, ती दार ठोठावत बसेल. मांडीवर फॉर्म होता. प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने, 'आधी' आणि 'आता'. 'आता' भरायला वेळ लागला नाही. 'आधी'मध्ये पेन अडखळत होतं. नेहमी, नेहमी, नेहमी, असं लिहीत गेलं की कुठल्याही बाईने नवऱ्याबद्दल लिहिलेलं ते खोटंच वाटायला लागतं. नववा प्रश्न आला. 'आधी'त तिने नेहमीवर खूण केली. 'आता' कोरा ठेवून ती पुढे गेली.

आतून आवाज येत होते. स्वेटरची गोष्ट चिमणीने वाचली, तिच्या बारीक आवाजात, सावकाश, शिकवलं होतं तशी. "इथे कुणी बोलू नये ते बोललं का, काका?"

"नाही."

"मैत्रिणीची आई असं का म्हणाली असेल?"

"स्वेटर वाईट असेल."

"त्या बाईला काय वाटलं असेल?"

"थंडी." मग जरा थांबून, कुतूहलाने, "तुमचे दात लहानपणी तार लावली असती तर आत गेले असते."

"हो काका," चिमणी म्हणाली. "आईपण तेच म्हणते." बाहेर बाकावर तिने डोळे मिटले. पोरगी तयार झाली, तिला वाटलं. आपल्याला हे जमलं नसतं.

मग कार्डं सुरू झाली. कार्ड टेबलावर ठेवताना कडेचा टक असा आवाज होतो. ती तो आवाज मोजू लागली. टक. "काहीच नाही." टक. "राग." टक. "याचं नाक मोठं आहे." "आणि चेहऱ्यावर काय दिसतंय, काका?" "नाक." टक. "काहीच नाही." टक. "आनंद." दात दिसले की तो आनंद म्हणत होता, ते तिने आठव्या-नवव्या कार्डापर्यंत ओळखलं, कार्डांचा क्रम तिला पाठच होता. सगळेच म्हणतात. दात हे शेवटपर्यंत टिकतात. अकराव्या कार्डावर भीतीने डोळे फाडलेला शिपाई होता, जो पुढच्याच वर्षी नोकरी सोडून गेला. "काहीच नाही," तो म्हणाला. बारा. तेरा. शेजारच्या बाकावर कुणीतरी पेपर चाळत होतं, त्याचा तिला इतका राग आला की तिने वळून पाहिलं. एक म्हातारा गृहस्थ होता, त्याने निमूटपणे पेपराची घडी घातली. चौदा. पंधरा. तिच्या तळहाताला घाम आला आणि सिग्नलपाशी सोललेली जागा चुरचुरली. सोळा. "किळस," तो म्हणाला, आणि ते बरोबर होतं, आणि त्याचा तिला काडीइतकाही आनंद झाला नाही. टक.

चिमणीला ठाऊक होतं सतराव्या कार्डावर कोण आहे ते. विभागात सगळ्यांनाच ठाऊक होतं, चेष्टेने तिला 'सतरा नंबरच्या बाई' म्हणत. त्या चेष्टेच्या आतली चेष्टा मात्र कुणाला माहीत नव्हती.

"ही माझी बायको," तो म्हणाला.

"हो काका." चिमणीचा आवाज दोऱ्याएवढा झाला. "चेहऱ्यावर काय दिसतंय?"

दहा सेकंदांत उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारायचा असा नियम आहे. ती मनात आकडे मोजू लागली आणि सहाच्या पुढे तिला आकडे सापडेनात. पांढरी चादर. तळघरातला ओलसर वास. उलट्या फ्रेमच्या वरून डोकावणारे ते दोन डोळे. पेनाचं टोपण. बघ ना, ती मनात म्हणाली, बघ, माझी हनुवटी बघ, हनुवटी कशी थरथरतेय, रडताना अशी थरथरते का कधी, तू समोर होतास, अरे तूच तर होतास समोर...

"दुःख," तो म्हणाला. आणि चिमणीने कागदावर टिकमार्क केल्याचा आवाज आला, बरोबर उत्तराचा, छोटा आणि तिरका. "तिला दुःख झालंय." मग जराही न थांबता, "पुढचं."

बाहेर फारसं काही झालं नाही. पेपरवाल्या गृहस्थांनी घड्याळात पाहिलं. कॉरिडॉरमधून औषधांची गाडी गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. तिने खालचा ओठ आतून दातांत धरला. तो रविवार संपला, असं तिच्या मनात आलं. एकोणीस वर्षं चाललेला रविवार. आता त्यातलं हसू एकट्या तिच्याकडे राहिलं, आणि जे हसू एकाच माणसाला ठाऊक आहे ते हसू असतं की नुसतीच एक माहिती? मग त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो चोरपावलांनी आला, कारण त्याला आत घ्यायला ती घाबरत होती. तो वळला होता. सिग्नलपाशी त्याने वळून बघितलं होतं. दोन वर्षं हाच चेहरा घेऊन ती त्या घरात फिरत होती, ओठ आत घेऊन, हनुवटीला वळ्या पाडून, आरशातही तिने तो कितीदा पाहिला होता. जुन्या कार्डात त्याला तीच दिसली असेल, आजची, कापलेल्या केसांची, तर? म्हणजे तो बघत होता. बघत होता, आणि त्याच्या आत पुढे काही घडत नव्हतं. घरात शिरायचा रस्ता होता, पण त्या रस्त्याच्या शेवटी आता घर नव्हतं. यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. तिच्याकडे दोन्हीसाठी कार्ड नव्हतं.

दार उघडलं आणि चिमणी बाहेर आली, हातात गुणांचा कागद. दार मागे ओढून घेत ती तिच्यासमोर उकिडवी बसली, लहान मुलाशी बोलताना बसतात तशी, आणि एकदम थबकली. "ताई, तुम्ही... हसताय?"

"नाही गं," ती म्हणाली. "बोल."

"ताई, सतरा नंबरचं काय करू? ओळखीचा चेहरा असेल तर धरायचा नाही असा नियम आहे ना आपला. मला आधी सुचलंच नाही, मी आधीच बाजूला काढायला हवं होतं ते कार्ड." तिचे डोळे पुन्हा भरले. "धरला तर बारा होतात. नाहीतर अकरा. तसा फरक काहीच नाही, बाराही खूपच खाली आहे. पण... तेवढं एक त्यांनी किती व्यवस्थित सांगितलं, ताई. पूर्ण वाक्यात."

तिने कागद हातात घेतला. सतरा, आणि पुढे ती छोटी तिरकी खूण. तिने आयुष्यभर जपलेली चूक आता उत्तर झाली होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चिमणी, ही किल्ली पहिल्या दिवसापासून चुकलेली आहे, माझ्यामुळे. या बाईला दुःख झालेलं नाही, कधीच नव्हतं. तिने कागद परत दिला.

"राहू दे," ती म्हणाली. "उत्तर बरोबर आहे."

चिमणीने मान हलवली, नाक पुसलं, आणि कामाची पोरगी असल्यामुळे लगेच म्हणाली, "फॉर्म झाला का, ताई? एक जागा कोरी राहिलीय बहुतेक. नववा."

तेवढ्यात तो बाहेर आला. बाकासमोर उभा राहिला, तिच्यासमोर, अगदी जवळ, जसा पूर्वी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभा राहायचा, नाकापासून कानापर्यंत माप घेत. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली.

"तुझा चष्मा वाकडा आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पडले होते ना मी."

तो तसाच उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, लांब बोटांचे, कुशल, स्वच्छ नखांचे हात. ते वर आले नाहीत. "भूक लागली," तो म्हणाला, आणि कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टचा बाण लाल झालेला पाहून तिकडे चालू लागला.

तिने फॉर्म मांडीवर सरळ केला. 'दुसऱ्याला दुखलं-खुपलं तर त्याचा जीव कळवळतो.' आता. तिने पेन वर धरून क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग 'क्वचित'वर खूण केली. कागद चिमणीच्या हातात देताना तिने तिच्याकडे बघायचं टाळलं. एक पायरी खाली उतरून वाचायचं असतं, हे तिनेच तिला शिकवलं होतं.